फिरणारा कॅमेरा, आपोआप पेटणारा लाईट : नियम कडक झाले, पण रिमोट कोणाच्या हातात?

काही वर्षांपूर्वी घराला सीसीटीव्ही लावायचा म्हणजे मोठं काम असायचं. इलेक्ट्रिशियन बोलवा, भिंतीला भोकं पाडा, वायर ओढा, डीव्हीआरची पेटी टीव्हीखाली ठेवा. आता दीड ते तीन हजार रुपयांच्या आसपास एक गोल डोक्याचा कॅमेरा मिळतो. तो बल्बच्या होल्डरमध्ये बसतो, वायफायला जोडला जातो, मान वळवून माणसाच्या मागे फिरतो आणि रात्री कोणी आलं की स्वतःचा पांढरा लाईट लावतो. बॉक्सवर लिहिलेलं असतं : ३६० डिग्री, ऑटो ट्रॅकिंग, कलर नाईट व्हिजन.

हा कॅमेरा लावतं कोण? बहुतेक घरांत ज्याला मोबाईल जास्त कळतो तोच, म्हणजे तुम्हीच. आई-बाबा म्हणतात, "तेवढा तो कॅमेरा चालू करून दे रे," आणि अर्ध्या तासात तुमच्या नकळत तुम्ही घराचे सीसीटीव्ही ऑपरेटर होता. अकाउंट तुमच्या नंबरवर, पासवर्ड तुमच्या डोक्यात आणि घराचं लाईव्ह चित्र तुमच्या खिशात.

म्हणूनच गेल्या दोन वर्षांत या कॅमेऱ्यांबाबत देशात जे घडलं ते तुमच्या कामाचं आहे. त्यातून सेटिंग कसं करायचं हेही ठरतं. चला, एकेक गोष्ट बघू.

सरकारने नेमकं काय बदललं?

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांचा व्हिडिओ डेटा परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्यानंतर चक्रं फिरली. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी अधिसूचना काढली. सुरुवातीला तिची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२४ पासून होणार होती. ती पुढे गेली आणि ९ एप्रिल २०२५ पासून नियम लागू झाला.

नियम साध्या शब्दांत असा : इंटरनेटला जोडला जाणारा सीसीटीव्ही कॅमेरा भारतात विकायचा असेल, तर त्याची सुरक्षा चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली पाहिजे. त्यात कॅमेऱ्याची पेटी सहज उघडता येते का, लॉगिनची व्यवस्था भक्कम आहे का, डेटा एन्क्रिप्ट होतो का, आतल्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं आहेत का, हे सगळं तपासलं जातं. गरज पडली तर सोर्स कोडही दाखवावा लागतो. चीन, दक्षिण कोरिया, अमेरिका असो की भारत, नियम सगळ्यांना सारखाच. कंपन्यांनी चाचणीला वेळ लागतो, माल अडकतो अशा तक्रारी केल्या, तरी सरकार मागे हटलं नाही.

ग्राहक म्हणून तुम्हाला एक गोष्ट करता येते. बॉक्सवर किंवा कॅमेऱ्याच्या बुडाला भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो. तो इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून बघा. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली तर ठीक. क्रमांकच नसेल तर ऑनलाईन सेलमध्ये कितीही स्वस्त मिळाला तरी तो कॅमेरा घेऊ नका.

मग प्रश्न सुटला का? राजकोट काय सांगतं?

नाही सुटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोटचं एक प्रकरण उघड झालं. एका प्रसूती रुग्णालयात तपासणीच्या खोलीतल्या महिलांचे सीसीटीव्ही व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत होते. लोकांना पैसे घेऊन आत घेतलं जात होतं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांतले काही जण आपल्या लातूर आणि सांगली भागातले होते.

या बातमीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला म्हणजे तो कॅमेरा त्या खोलीत असायलाच नको होता. दुसरा म्हणजे असे कॅमेरे उघडायला हॉलिवूडच्या सिनेमातला हॅकर लागत नाही. बहुतेक वेळा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कोणी बदललेलाच नसतो. 'ॲडमिन' आणि पुढे '१२३' एवढंच पुरतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी सांगितलं की घरं, दुकानं आणि दवाखान्यांतले मिळून सुमारे १ लाख २० हजार कॅमेरे फोडल्याच्या आरोपावरून चौघांना अटक केली आहे. तिथेही मुख्य कारण तेच निघालं, सोपे पासवर्ड. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने साठेक ठरावीक पासवर्डची यादी घेऊन जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. मग २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर 'डिन' या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन् तास अडखळल्या. म्हणजे एका कोपऱ्यात टांगलेला कॅमेरा कोणाच्या तरी फौजेत शिपाई म्हणून भरतीही होऊ शकतो.

आणि पासवर्ड चांगला असला तरी कंपनीची चूक होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'वाईझ' कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि सुमारे १३ हजार लोकांना दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. त्या ग्राहकांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं.

थोडक्यात, सरकारचा नियम कारखान्यातून बाहेर पडणारा कॅमेरा तपासतो. तुमच्या घरात तो कुठे लागला, कुठे वळला आणि पासवर्ड काय ठेवला, हे तपासायला कोणी येत नाही.

मोटरवाला कॅमेरा वेगळा का?

साध्या, एका जागी बसलेल्या कॅमेऱ्याचं एक बरं असतं. तो कुठे बघतोय ते समोरच्याला दिसतं. गेटकडे तोंड असेल तर तो गेटच बघणार. शेजाऱ्याला शंका आली तर तो विचारू शकतो, तुम्ही दाखवू शकता, विषय संपला.

मोटर आली की हे बदलतं. आता कॅमेरा कुठे बघणार हे भिंत ठरवत नाही, ज्याच्या हातात फोन आहे तो ठरवतो. सकाळी गेटकडे असलेला कॅमेरा दुपारी शेजारच्या गॅलरीकडे वळू शकतो. हॉलमधला कॅमेरा बेडरूमच्या दाराकडे वळू शकतो. आणि पासवर्ड फुटला तर चोराला एकच चित्र मिळत नाही, त्याला मान वळवण्याची सोयही मिळते. मोटरमुळे मिळणारी सोय आणि मोटरमुळे येणारा धोका, दोन्ही एकाच बटणात आहेत.

म्हणून पुढचं सगळं सेटिंग बघताना एक प्रश्न मनात ठेवा : हा कॅमेरा वळतो तेव्हा कोणाकोणाला बघू शकतो?

ट्रॅकिंग कसं चालतं आणि कुठे फसतं?

कॅमेरा सेकंदाला १५ ते २५ चित्रं घेतो. जुन्या पद्धतीत आधीच्या आणि नंतरच्या चित्रातला फरक मोजतात, फरक मोठा दिसला की 'हालचाल' समजतात. नव्या पद्धतीत चिपमधलं छोटं एआय मॉडेल चित्रात माणसासारखा आकार शोधतं आणि त्याच्याभोवती चौकट आखतं. चौकट मध्यापासून सरकली की मोटरला आदेश जातो : थोडं डावीकडे, थोडं खाली.

ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी गोची होते.

- गेट सुटतं. कॅमेरा एका माणसाच्या मागे डावीकडे वळला की उजवीकडे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. चोर दोघे असले तर एकाने अंगणात फिरायचं आणि दुसऱ्याने काम करायचं, इतकं ते सोपं आहे.
- कॅमेरा स्वतः हलतो. मान वळताना चित्रातली प्रत्येक वस्तू सरकते. फक्त फरक मोजणारा स्वस्त कॅमेरा यात गोंधळतो आणि भिंतीकडे किंवा आकाशाकडे बघत बसतो.
- कुत्रं, मांजर, फांदी. माणूस ओळखण्याची सोय नसेल तर गल्लीतलं कुत्रं रात्रभर कॅमेऱ्याला नाचवतं. नोटिफिकेशन इतके येतात की चौथ्या दिवशी तुम्ही ते म्यूट करता. मग खरा चोर आला तरी फोन गप्पच राहतो.

उपाय सेटिंगमध्येच आहेत. 'फक्त माणूस' हा पर्याय निवडा. 'होम पोझिशन' गेटवर ठेवा आणि ट्रॅकिंग संपल्यावर १५ ते ३० सेकंदांत कॅमेरा तिथे परत येईल असं करा. बजेट थोडं जास्त असेल तर दोन लेन्सचा कॅमेरा बघा. त्यात एक लेन्स कायम गेटवर स्थिर असते आणि दुसरी फिरते. गेट सुटण्याची अडचण यानेच खरी सुटते.

३६० डिग्री ठीक, पण चेहरा दिसतो का?

जाहिरातीत न सांगितलेला भाग हा आहे. थोडं गणित करू, सोपं आहे.

सीसीटीव्हीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात त्याच्या जागी दर मीटरला २५० पिक्सेल हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात.

आता फुल एचडी कॅमेरा घ्या. रुंदीला १९२० पिक्सेल. लेन्सचा कोन ९० अंश धरला तर जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदीचा भाग दिसतो. म्हणजे ४ मीटरवर ८ मीटर रुंद भाग, दर मीटरला २४० पिक्सेल. चेहऱ्याची हद्द इथेच संपली, साधारण १३ फुटांवर. गेट २० फुटांवर असेल तर दर मीटरला १६० च्या आसपास पिक्सेल मिळतात. शेजारचे काका आलेत हे तुम्हाला कळेल. पण अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवायचा तर चित्र कमी पडेल. आणि हा हिशोब दिवसाच्या चांगल्या उजेडातला. रात्री याहूनही घट.

ॲपमधला झूम इथे कामाला येत नाही. डिजिटल झूम म्हणजे आहेत तेच पिक्सेल ताणणं. फोटो मोठा होतो, माहिती वाढत नाही.

मग मोटरचा खरा फायदा काय? लेन्सचा कोन अरुंद असेल, समजा ५० अंश, तर तोच फुल एचडी कॅमेरा ८ मीटरपर्यंत चेहरा पकडतो. पण त्याला एका वेळी कमी भाग दिसतो. ती उणीव मोटर मान वळवून भरून काढते. म्हणजे मोटर आणि अरुंद लेन्स ही जोडी चांगली. विकत घेताना डिग्रीचा मोठा आकडा बघून भुलू नका, लेन्स किती मिलिमीटरची आहे ते विचारा. २.८ मिलिमीटरला भाग रुंद दिसतो आणि माणूस लहान, ६ मिलिमीटरला भाग अरुंद आणि माणूस मोठा.

लाईटचं गणित : कधी लपलेला, कधी उघड?

रात्री बघण्याचे तीन मार्ग असतात.

इन्फ्रारेड : डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. चित्र काळं-पांढरं. काही कॅमेऱ्यांत बारीक लाल ठिपके चमकताना दिसतात, तो ८५० नॅनोमीटरचा प्रकाश. ९४० नॅनोमीटरचा असेल तर तेही दिसत नाहीत, पण पल्ला कमी होतो.

पांढरा लाईट : चित्र रंगीत. शर्ट लाल होता की निळा, गाडी कोणत्या रंगाची, हे कळतं. तपासात याचा उपयोग फार.

स्मार्ट मोड : एरवी इन्फ्रारेड, माणूस दिसला की पांढरा लाईट. बहुतेक घरांसाठी हाच बरा. अचानक लाईट लागला की येणाऱ्यालाही कळतं की आपण दिसलो. अनेकदा तेवढ्यानेच तो परततो. आणि निरपराध माणसालाही कळतं की इथे कॅमेरा आहे. अंधारात चोरून बघण्यापेक्षा हे प्रामाणिक.

पण लाईटला मित्रही फार असतात. पांढऱ्या उजेडावर पाखरं आणि किडे येतात, किड्यांमागे पाल येते, मग कोळी जाळं विणतो. लेन्ससमोरचा एक धागा वाऱ्याने हलला तरी कॅमेऱ्याला ते मोठं वादळ वाटतं. पावसाळ्यात काचेवरचे थेंब तेच करतात. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने कॅमेरा पुसणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे.

काही सोलर आणि बॅटरीवाल्या कॅमेऱ्यांत, तसंच अंगणातल्या सेन्सर लाईटमध्ये पीआयआर सेन्सर असतो. तो शरीराची उष्णता आणि आजूबाजूच्या तापमानातला फरक ओळखतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. त्यामुळे सेन्सर वाटेच्या बाजूला लावा. दोन, विदर्भातल्या मे महिन्यात संध्याकाळची भिंतही माणसाइतकीच तापलेली असते. तेव्हा हा सेन्सर माणूस चुकवू शकतो. कॅमेरा खराब झाला असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

गाडीच्या नंबरप्लेटचीही एक गंमत आहे. नंबरप्लेटचा पृष्ठभाग प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. कॅमेऱ्याचा लाईट कॅमेऱ्यालाच चिकटलेला असतो, म्हणून प्लेट पांढरी फटक दिसते आणि आकडे गायब. उपाय सोपा : लाईट वेगळा लावा. गेटच्या खांबावर साधा सेन्सर लाईट आणि कॅमेरा दाराजवळ. खर्च थोडा, फरक मोठा.

आणि हो, शेजाऱ्यांच्या खिडकीत किंवा रस्त्यावरून येणाऱ्या बाईकवाल्याच्या डोळ्यांत तो लाईट जाणार नाही, एवढं बघा. रात्री अचानक डोळ्यांवर उजेड आला तर अपघात होतो.

लावताना हा क्रम पाळा

१. जागा : ८ ते १० फूट उंची. त्याहून वर गेलात तर टोप्या आणि टकलं दिसतील, चेहरे नाहीत. तोंड थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. छताच्या किंवा भिंतीच्या अगदी कडेला लावू नका. इन्फ्रारेड प्रकाश भिंतीवरून परत येतो आणि चित्र धुरकट होतं.

२. वायफाय : आधी फोन घेऊन त्या जागी उभे राहा आणि व्हिडिओ कॉल करून बघा. कॉल अडकला तर कॅमेराही अडकणार. बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, भिंतीपलीकडे तोच चांगला पोहोचतो.

३. पासवर्ड : ॲपचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, वायफायचा वेगळा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. घराचं नाव, गाडीचा नंबर, जन्मतारीख नको.

४. अपडेट : पहिल्याच दिवशी फर्मवेअर अपडेट करा. ऑटो अपडेट चालू ठेवा.

५. वेगळं नेटवर्क : राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर कॅमेरा त्यावर टाका. कॅमेरा फुटला तरी त्याच वायफायवरचे तुमचे फोन आणि लॅपटॉप बाजूला राहतात. राउटरमधलं 'यूपीएनपी' बंद करा. "बाहेरून बघायला पोर्ट उघडावा लागेल," असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आजच्या ॲपना त्याची गरज नसते.

६. हद्द आखा : ॲपमध्ये 'प्रायव्हसी झोन' असेल तर शेजाऱ्याची खिडकी झाका. मग एक काम नक्की करा : कॅमेरा पूर्ण फिरवून बघा. काही स्वस्त मॉडेलमध्ये मान वळली की झाकलेला भाग उघडा पडतो. तसं असेल तर फिरण्याची मर्यादाच आखून टाका.

७. चालून बघा : रात्री ९ वाजता लाईट बंद करून घरातल्या कोणाला तरी गेटपासून दारापर्यंत चालायला सांगा. ट्रॅकिंग, लाईट आणि नोटिफिकेशन नीट चालतात का, ते तुमच्या फोनवर बघा.

फुटेज कुठे राहतं?

२ एमबीपीएस दराने दिवसभर रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड जेमतेम सहा दिवस. त्यानंतर जुनं पुसून नवं लिहिलं जातं. गावी आठ दिवस गेलात आणि पहिल्या रात्री चोरी झाली, तर परत येईपर्यंत पुरावा पुसलेला असेल. दर १ एमबीपीएस केला तर दिवस दुप्पट, चित्र थोडं उतरतं. फक्त हालचालीचं रेकॉर्डिंग ठेवलं तर आणखी जास्त दिवस मिळतात. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं घ्या, साधं कार्ड लवकर दमतं.

शेतातल्या घरासाठी सिमकार्डवाला कॅमेरा घेत असाल तर डेटाचाही हिशोब करा. १ एमबीपीएसने तासभर लाईव्ह बघितलं की ४५० एमबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक सव्वातीन तासांत संपतो. जुन्नर, शिरूर, नाशिक भागात बिबट्याच्या धास्तीने अनेकांनी असे कॅमेरे लावले आहेत. तिथे दिवसभर लाईव्ह चालवू नका, फक्त हालचालीची क्लिप फोनवर येईल असं ठेवा. आणि कॅमेऱ्याच्या लाईटने बिबट्या पळेलच या भरवशावर रात्री बाहेर पडू नका. कॅमेरा बाहेर जाण्याआधी बघण्यासाठी आहे.

कार्ड कॅमेऱ्यातच असतं हेही विसरू नका. चोर कॅमेराच घेऊन गेला तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला. म्हणून महत्त्वाच्या क्लिप क्लाउडवर किंवा फोनवर जाऊ द्या. लाईट गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस लावा, नाहीतर लोडशेडिंगमध्ये कॅमेरा शोभेचा.

कायदा काय म्हणतो?

इथे तुमच्या घरातलाच प्रश्न येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एकाच घरात राहणाऱ्या भावांपैकी एकाने घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावले होते. न्यायालय म्हणालं, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय असे कॅमेरे चालवता येणार नाहीत, त्याने खासगीपणाचा हक्क मोडतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हस्तक्षेप करायला नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्येच सांगितलं आहे.

याचा अर्थ 'घर माझं, कॅमेरा माझा' एवढं म्हणून चालत नाही. घरात कामाला येणाऱ्या ताई, आजी, वहिनी, शिकणारी बहीण, सगळ्यांना कॅमेरा कुठे आहे आणि कोण बघतं हे माहीत हवं.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेला डेटा या कायद्याबाहेर आहे. पण सोसायटी, पीजी, क्लास, दुकान ही घरगुती कामं नव्हेत. तिथे कॅमेरा असेल तर फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतं, हे विचारणं तुमचा हक्क आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले. हेतू योग्यच. पण कॅमेरा लावला की जबाबदारी संपली असं होत नाही, फुटेजची किल्ली कोणाकडे हेही पालकांनी विचारायला हवं.

बाथरूम, कपडे बदलण्याची जागा, तपासणीची खोली इथे कॅमेरा लावण्याला कुठलंच कारण चालत नाही. खासगी क्षणी स्त्रीला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. संमतीशिवाय कोणाच्याही खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली येतं. असा प्रकार दिसला तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, व्हिडिओ पुढे पाठवू नका आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा.

शेवटी ठरवायचं तुम्हालाच

कॅमेरा वाईट नाही. गावी एकटे राहणारे आजी-आजोबा, रात्रपाळीवरून येणारी ताई, शेतातला पंप, या सगळ्यांसाठी तो मोठा आधार आहे. पण घराच्या आत, विशेषतः झोपायच्या खोलीत, मोटरवाला कॅमेरा लावण्याआधी दहा वेळा विचार करा. लहान बाळासाठी लावायचाच असेल तर काम झालं की लेन्स भिंतीकडे वळवा किंवा प्लग काढा. सॉफ्टवेअरच्या 'ऑफ' बटणापेक्षा काढलेल्या प्लगवर जास्त भरवसा ठेवता येतो.

घरात आधीपासून कॅमेरा असेल तर आज रात्री पाच मिनिटं काढा. ॲप उघडा आणि 'शेअर्ड युजर्स' किंवा 'लॉगिन डिव्हाइस' ही यादी बघा. तुमचा विकून टाकलेला जुना फोन, कॅमेरा बसवून गेलेल्या माणसाचा नंबर, पूर्वीचा भाडेकरू किंवा दोन वर्षांपूर्वी 'जरा बघू दे' म्हणून पासवर्ड घेतलेला मित्र, यांपैकी कोणी त्या यादीत दिसलं तर काढून टाका आणि पासवर्ड बदला. मग ती यादी घरातल्या सगळ्यांना दाखवा. आपल्याला कोण बघू शकतं, हे त्यांनाही कळलं पाहिजे.